मुखडा, अंतरा आणि यंत्र
कृत्रिम बुद्धिमत्तेकडून गाणे करवून घेताना बांधणी कशी ठरवावी?

शब्द लिहून द्यावेत, चालीचा ढंग दोन ओळींत सांगावा आणि काही क्षणांत गायक-वादकांसह गाणे तयार व्हावे, अशी सोय ‘सुनो’ने २०२३च्या अखेरीस आणि ‘युडिओ’ने एप्रिल २०२४मध्ये सर्वसामान्यांसाठी खुली केली. नवरात्रातील दुर्गोत्सवासाठी ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळसारख्या शहरात या सोयीचे आकर्षण वाटणे साहजिकच. मंडळाचे गीत असो, जयंतीचे असो वा निवडणुकीतील प्रचाराचे, स्टुडिओ आणि वादकांचा खर्च वाचतो. मात्र तयार झालेले गाणे ऐकताना काहीतरी परके वाटते. दोष बहुधा आवाजात नसतो, बांधणीत असतो.

या साधनांना सर्वाधिक परिचित असलेला साचा पाश्चात्त्य लोकप्रिय गीताचा आहे. त्यात ‘व्हर्स’मधून कथा पुढे सरकते, ‘कोरस’मध्ये गाणे उसळी घेते आणि ‘ब्रिज’मध्ये चाल क्षणभर वेगळी वळते. मराठी भावगीताची किंवा चित्रपटगीताची रीत निराळी. येथे गाण्याचा प्राण आरंभीच्या मुखड्यात असतो. अंतरा वरच्या स्वरांत जातो आणि त्याची शेवटची ओळ मुखड्याच्या यमकावर उतरून ऐकणाऱ्याला पुन्हा पहिल्या ओळीपाशी आणून सोडते. परतताना संपूर्ण मुखडा क्वचितच गातात, बहुधा एखादी ओळ पुरते. ‘कोरस’ उसळतो, मुखडा घरी परततो. हा फरक यंत्राला आपणहून कळेलच असे नाही.

त्यामुळे बांधणी शब्दांच्या चौकटीतच लिहून द्यावी लागते. प्रत्येक भागाच्या आधी चौकोनी कंसात त्या भागाचे इंग्रजी नाव लिहिण्याची पद्धत आहे. मुखड्याला ‘कोरस’ म्हणावे, अंतऱ्याला ‘व्हर्स’ आणि मधल्या वाद्यसंगीताला ‘इन्स्ट्रुमेंटल’. दोन भागांमध्ये एक ओळ मोकळी सोडावी. मुखड्याची परतणारी ओळ दरवेळी अक्षरशः तशीच लिहावी. एखादा शब्द बदलला तरी यंत्र तिला नवी ओळ समजून नवी चाल देण्याची शक्यता असते. अंतऱ्यांच्या ओळी मात्रांनी जवळपास सारख्या असाव्यात, अन्यथा दुसरा अंतरा पहिल्याच्या चालीत बसत नाही आणि शब्द घाईने उरकले जातात. समाप्तीची खूण न दिल्यास गाणे मध्येच तुटते किंवा उगाच लांबते. अर्थात, या खुणा म्हणजे आज्ञा नव्हेत. यंत्र त्या सूचनेसारख्या घेते, आणि कधी कधी चक्क गाऊनही टाकते!

जुन्या पद्यप्रकारांना हा साचा कितपत मानवतो, हे प्रकारागणिक बदलते. अभंगाला ध्रुपद असल्याने तो फारसा अडत नाही. मोठ्या अभंगातील सहा-सहा-सहा-चार अक्षरांची मोजणी ओळीच्या मांडणीत स्पष्ट दिसली, तर आठ मात्रांचा भजनी ठेका त्याला सहज धरता येतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरीच्या भजनात एकाने ओळ म्हणायची आणि मंडळाने ती उचलायची, ही देवघेव मुख्य असते. ती हवी असल्यास ओळ दोनदा लिहून दुसऱ्या वेळी समूहस्वराची खूण करावी. बंजारा समाजाच्या होळीतील लेंगीलाही हाच उपाय उपयोगी पडेल. गझलेचे मात्र कठीण आहे. अमरावतीच्या सुरेश भटांनी मराठीत रुजवलेल्या या प्रकारात प्रत्येक शेर स्वतंत्र असतो, आणि परतणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक शेराच्या अखेरीचा रदीफ. तेथे ‘कोरस’ अशी खूण केली की यंत्र मतल्याची घोषणा करून टाकते. सर्व शेरांना एकच खूण देणे बरे.

सर्वांत अधिक हानी भुलाबाईच्या गाण्यांची होते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भातील मुली ही गाणी म्हणत आल्या आहेत. त्यांची रचना साखळीची, म्हणजे एका वस्तूवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. मुखडा नाही, अंतरा नाही, उसळी तर मुळीच नाही. यंत्र त्यातील एखादी गोड ओळ उचलून तिचा ‘कोरस’ करते आणि साखळी तुटते. ज्या मुलीने मूळ गाणे कधी ऐकलेले नाही, तिला तुटलेलेच खरे वाटेल.

उच्चारांचाही प्रश्न आहे. मराठीत ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन-दोन उच्चार होतात आणि लिपी ते दाखवत नाही. ‘चमचा’तील ‘च’ ‘चहा’तल्यासारखा आला की साऱ्या ओळीचा नूर जातो. शब्द बदलणे हाच अनेकदा सोपा मार्ग ठरतो.

लांबीची अडचण आता बरीच कमी झाली आहे. ‘सुनो’च्या मार्च २०२४च्या आवृत्तीत एका वेळी दोन मिनिटांचे गाणे होत असे, मे २०२५च्या आवृत्तीत ही मर्यादा आठ मिनिटांवर गेली. तरीही गाणे तुकड्यांनी वाढवताना स्वर आणि लय सरकतात. जोड अंतऱ्याच्या मध्ये न देता मुखड्यावर परतल्यानंतर द्यावा.

चालीचे वर्णन करताना गायकाचे नाव लिहू नये. गायकांच्या आवाजाची कृत्रिम नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांना जुलै २०२४मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५मध्ये अंतरिम संरक्षण दिले. मोफत खात्यावर केलेले गाणे व्यावसायिक कामासाठी वापरण्यास ‘सुनो’ची परवानगी नाही, हेही मंडळांनी पाहून घ्यावे. गाण्याची प्रत आपल्याकडे उतरवून ठेवणे शहाणपणाचे. ऑक्टोबर २०२५मध्ये युनिव्हर्सल या ध्वनिमुद्रण कंपनीशी तडजोड झाल्यावर ‘युडिओ’ने गाणी उतरवून घेण्याची सोय बंद केली होती.

भुलाबाईसाठी मात्र दुसरी वाट आहे. आपले ध्वनिमुद्रण चढवून त्यावर साथ बांधून घेण्याची सोय या साधनांत आहे. घरातील आजीने किंवा मावशीने म्हटलेले गाणे तिच्या संमतीने मोबाइलवर आधी पूर्ण मुद्रित करावे, आणि मूळ प्रत वेगळी जपून मगच यंत्राकडे टिपऱ्या व ढोलकी मागावी.