चेंबरचं पॅकिंग

इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठवणारा जो डबा असतो त्याला नागपूर–छिंदवाडा रस्त्यावर चेंबर म्हणतात, आणि चेंबर व ब्लॉक यांच्यामध्ये दबून बसणाऱ्या पट्टीला पॅकिंग. ही पट्टी गेली की ऑइल ठिबकतं, गाडी उभी राहील तिथे काळा डाग पडतो आणि मालक बोरगावला गॅरेजवर येऊन म्हणतो, "भाऊ, चेंबर गयून राह्यलं गा." मी सौंसरला एका उस्तादाच्या हाताखाली शिकलो, पुढे बोरगावला कारखाने आले तेव्हा इथे स्वतःचं गॅरेज टाकलं. पॅकिंग हातानं कापणारी माणसं आमच्या भागात आता थोडी उरलीत, म्हणून या पट्टीची हकिगत लिहून ठेवावीशी वाटली.

आमच्याकडे ही कारागिरी का वाढली ते समजायला १९५६ सालात जावं लागतं. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमची मराठी बोलणारी सौंसर तहसील छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिली. कचेरीचे कागद भोपाळच्या दिशेनं जाऊ लागले, पण गाडीचा सुटा भाग आणायचा तर नागपूरलाच जावं लागे, आणि मध्ये आता राज्याची सीमा आणि तिच्यावरचा नाका होता. त्याच सुमारास रस्त्यावर ट्रक वाढले. टाटांनी जमशेदपूरला १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक काढायला सुरुवात केली होती. परासियाकडच्या खाणींचा कोळसा घेऊन हे ट्रक सिल्लेवानी घाट उतरायचे, रामाकोना, सौंसर करत नागपूर गाठायचे, आणि रिकामे परत चढायचे. घाटात इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, आणि गाडी चढावर असली की ते चेंबरच्या मागच्या टोकाला साचतं. मागचं पॅकिंग आधी गळायचं ते यामुळेच.

ट्रकाइतकीच गिऱ्हाइकी विहिरींवरच्या इंजिनांची होती. आमचा भाग संत्र्याचा. विजेचे पंप येण्याआधी आणि आल्यावरही पुष्कळ वर्षं बागा डिझेल इंजिनावर जगल्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्यानं १९४६ साली पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा वेगळा कारखाना काढला, आणि त्या इंजिनांनी महाराष्ट्राइतकंच आमच्या शिवारातही पाणी उपसलं. आंबिया बहाराची फळं झाडावर असतात तेव्हा ऐन उन्हाळ्यात पाणी थांबवून चालत नाही. थांबलं की फळगळ सुरू. एप्रिलमध्ये इंजिनाचं ऑइल गळून गेलं तर शेतकऱ्याला नागपूरहून पॅकिंग येईपर्यंत थांबायला सवड नसे. ते त्याच दिवशी, तिथेच, विहिरीच्या काठावर कापावं लागे.

कापायचं कशातून? उस्तादाकडे लाकडी पेटीत गुंडाळ्या असायच्या: जाड ऑइल पेपर, कॉर्कची शीट, आणि ॲस्बेस्टॉसचा करडा पत्रा. काहीच नसलं तर कॅलेंडरचा पुठ्ठा किंवा लग्नपत्रिकेचा जाड कागद ग्रीस लावून. बिडाचा चेंबर असला तर शीट थेट त्याच्या काठावर ठेवून छोट्या गोल तोंडाच्या हातोडीनं काठाकाठानं हलके ठोके द्यायचे. बिडाची कडच शीट कापते. नटाच्या भोकावर जुन्या बेअरिंगमधली गोळी ठेवायची आणि एकच ठोका द्यायचा. गोल, स्वच्छ भोक पडतं. पत्र्याच्या चेंबरला मात्र ही रीत वर्ज्य, कारण ठोक्यानं काठच वाकतो. तिथे काठाला काळं ऑइल लावून तो कागदावर दाबायचा, उमटलेला छाप कात्रीनं कापायचा आणि भोकं लाकडाच्या ओंडक्यावर पंचानं पाडायची. उस्ताद छाप उमटला की कापण्याआधी तो कागद उजेडात धरून बघत बसायचे. "पोट्ट्या, कुठं उमटलं नाही ते पाह्य," म्हणायचे. छाप तुटला तिथे चेंबरचा काठ दबलेला असतो, आणि गळती तिथूनच होत असते. पॅकिंगच्या निवडीचं अर्धं शिक्षण मला त्या तुटक्या छापांनी दिलं.

मालाचा इतिहास आमच्या रस्त्याहून जुना आहे. वाफेच्या इंजिनांत सांधे बंद करायला तागाचे, अंबाडीसारखे दोर चरबीत भिजवून कोंबत. मोटार आली तशी पट्टी बदलत गेली. अमेरिकेत शिकागोला १९१८ साली निघालेली एक कंपनी, पुढची फेल-प्रो, फोर्डच्या मॉडेल टी गाडीसाठी नमद्याची पॅकिंगं करायची. मग चेंबरसाठी कॉर्क रूढ झाला. कॉर्क ही ओकच्या एका जातीची साल; पोर्तुगाल-स्पेनकडे ती झाड न तोडता दर नऊ वर्षांनी सोलतात. तिच्या पेशींत हवा कोंडलेली असते, म्हणून दाबली की दबते आणि बाजूला फारशी पसरत नाही. पातळ पत्र्याच्या, किंचित वाकड्या काठाला असाच माल लागतो. भारतात टॅलब्रॉसनं १९५६ साली इंग्लंडच्या कूपर्स पेयन कंपनीच्या सहकार्यानं गॅस्केट काढायला सुरुवात केली. तयार, डब्यातली पॅकिंगं हळूहळू नागपूरच्या दुकानांत दिसू लागली.

पण कॉर्कला आमची हवा सोसत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, हवेत ओल नावाला नसते, आणि दुकानात वर्षभर टांगलेलं कॉर्कचं पॅकिंग आक्रसून कडक होतं. चेंबरवर ठेवलं की भोकं जुळत नाहीत. नवा मेकॅनिक ते ओढतो आणि तोडतो. ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं की पुन्हा मापाला येतं. घाई असेल तर थोडा वेळ पाण्यात बुडवायचं, पुसायचं आणि लावायचं. नागपूर-सौंसरच्या प्रत्येक जुन्या उस्तादाला हे ठाऊक होतं.

कॉर्क किंवा कागद जागेवर धरून ठेवायला शेलॅक लावत. शेलॅक म्हणजे लाखच, पळस, कुसुम, बोर या आपल्याच झाडांवरच्या किड्याची. ती स्पिरिटमध्ये विरघळते, पण पेट्रोल-डिझेल-ऑइलला दाद देत नाही. एवढ्या साध्या गुणावर तिनं निम्म्या शतकाहून अधिक काळ जगभरची इंजिनं सांभाळली. लाख पळसाची आणि गाडी जर्मन बनावटीची, हे लहानपणी मला फार थोर वाटायचं, आजही वाटतं.

रबराची गोष्ट वेगळी. सायकलच्या ट्यूबमधून पॅकिंग कापण्याचा प्रयोग प्रत्येक गावात कुणी ना कुणी करतो आणि तो फसतो. चार्ल्स गुडइयरनं १८३९ साली गंधक घालून रबर पक्कं केलं खरं, पण नैसर्गिक रबर ऑइल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि नटांच्या मधून बाहेर येतं. ऑइलला टिकणारं रबर १९३०च्या दशकात आलं: अमेरिकेत निओप्रीन, जर्मनीत नायट्राइल. कॉर्कचे कण नायट्राइलमध्ये मिसळून जी शीट होते तिला आम्ही रबर-कॉर्क म्हणतो. ती आक्रसत नाही आणि दबतेही. पत्र्याच्या चेंबरला माझी पहिली पसंती अजून तिलाच आहे.

ॲस्बेस्टॉसबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. चेंबरला त्याची गरज कधीच नव्हती. ते इंजिनाच्या माथ्याला, हेडखाली बसणाऱ्या पॅकिंगच्या आचेसाठी. पण शीट हाताशी असायची म्हणून सगळीकडे कापली जायची, आणि जुनी पट्टी खरवडताना तिची धूळ आम्ही तोंडावर फडकं न बांधता वर्षानुवर्षं ओढली. त्या धुळीनं फुप्फुसं निकामी होतात, कर्करोग होतो. गॅरेजमध्ये शिकणाऱ्या पोरांना मी जुनं करडं पॅकिंग कोरडं खरवडू देत नाही. आधी ते भिजवायचं, मग काढायचं, आणि हवेनं फुंकायचं तर अजिबात नाही.

बोरगावचं औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रेमंडचा कापड कारखाना आला, आणि फाट्यावर गाड्यांची जात बदलली. कोळशाच्या ट्रकांबरोबर कामगारांच्या बसा, मालाचे टेम्पो, मग मोटारी. गुंडाळ्यांची पेटी मागे पडून सिलिकॉनच्या ट्यूबा पुढे आल्या. ही ट्यूब वाईट नाही. बऱ्याच नव्या इंजिनांत कंपनी पट्टी देतच नाही, काठावर लेपाची रेघ ओढायची असते. पण तो लेप हवेतल्या ओलाव्यानं पक्का होतो, आणि आमच्या मे महिन्यात ओलावा कुठून येणार? पावसाळ्यात जो वेळ पुरतो तो तेव्हा पुरत नाही. गिऱ्हाईक घाई करतं, ऑइल भरलं जातं, आणि अर्धकच्चा लेप सुटतो. दुसरं म्हणजे हात सैल सोडून लेप चोपडला की जास्तीचा आतल्या बाजूला वळतो, तुकडा तुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतो. ठिबकणारं इंजिन चालत राहतं. ऑइल न मिळालेलं इंजिन बसतं. दोन-तीन मिलिमीटरची एकसंध रेघ, भोकांच्या आतल्या बाजूनं, एवढंच लागतं. पट्टी असताना वरून लेप थापणं तर मला मुळीच पटत नाही. ओला लेप पट्टीला सरकवतो. अपवाद फक्त जुन्या चार तुकड्यांच्या पॅकिंगचा. तिथे दोन लांब पट्ट्या आणि बेअरिंग कॅपवरचे दोन अर्धगोल जिथे भेटतात त्या चार कोपऱ्यांत एकेक थेंब हवाच.

आता दुकानदार विचारतो, "गाडी कोणती?" आणि डबा काढून देतो. इंजिनाचं नाव कळल्यानं पट्टीचा आकार कळतो, पण कोणत्या मालाची पट्टी घ्यावी ते चेंबर सांगतो. काठ बिडाचा, सपाट आणि घासलेला असला तर पातळ कागदही पुरतो, जाड कॉर्क तिथे उलट नुकसान करतो. काठ पत्र्याचा, पुष्कळदा उघडलेला असला तर रबर-कॉर्क. खाचेत बसणारं साच्यातलं रबर असेल तर त्याला दुसरा पर्याय नाही, आणि लेपही नको. शिवाय पत्र्याच्या काठावर नटाच्या भोकांभोवती वाटीसारखे फुगीर भाग आलेले असतात, कुणीतरी जोरात आवळल्याची खूण. ते लाकडावर ठेवून हलक्या हातानं ठोकून सपाट केल्याशिवाय जगातलं कोणतंही पॅकिंग टिकणार नाही. दहाच्या पान्यानं फिरणाऱ्या त्या बारक्या नटांना साधारण दहा न्यूटन-मीटरच ताण लागतो. मधून सुरुवात करून आलटून-पालटून टोकांकडे जायचं.

आणि त्याही आधी गळती खरंच चेंबरची आहे का ते बघायचं. टॅपेट कव्हरचं ऑइल ब्लॉकवरून उतरत चेंबरच्या काठाला येऊन लोंबतं. मागचा ऑइल सील गेला तरी डाग तिथेच पडतो. इंजिन डिझेलनं धुवून, वाळवून, त्यावर चुन्याची भुकटी उडवून चालवलं की धार कुठून निघते ते पांढऱ्यावर काळं दिसतं. रिंगा झिजून इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारत असेल किंवा आतली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर चोंदला असेल, तर आतला दाब ऑइलला कुठून ना कुठून ढकलणारच. अशा इंजिनाला मी पॅकिंग विकत नाही. आधी ब्रीदर काढून साफ करतो आणि मालकाला ऑइल टाकायचं झाकण उघडून आतून येणारा धूर दाखवतो.

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि आम्ही छिंदवाड्यातून त्यात आलो. सुट्या भागांसाठी मात्र आजही आम्ही नागपूरलाच जातो. तिथून मी दोन आणि तीन मिलिमीटरच्या रबर-कॉर्क शीटा आणतो, कारण पाइपलाइन टाकूनही काही बागांत जुनी इंजिनं ठेवलेली आहेत आणि त्यांची डब्यातली पॅकिंगं आता येत नाहीत. हाताखालच्या पोरांकडून ती कापून घेतो. आधी काळ्या ऑइलचा छाप, मग उजेडात धरून बघणं, मग कात्री.