गोठ्यातली गादी: कोणी काय मोजलं?

विषय निवडलात की पहिला प्रश्न येतो, ‘यात नवीन काय?’ उत्तर देण्याआधी थोडा इतिहास चाळा. मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या गोठ्यातली जैविक गादी हे त्यासाठी चांगलं उदाहरण आहे. जैविक गादी म्हणजे लाकडाच्या भुशाचा किंवा पेंढ्याचा जाड थर. त्यात शेण-मूत्र मिसळतं आणि सूक्ष्मजीव ते जागेवरच कुजवतात.

कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या जॉन वॉर्न्स यांनी १८४६ च्या पुस्तकात ‘बॉक्स फीडिंग’चा पुरस्कार केला. बैल बांधायचे नाहीत, कप्प्यात मोकळे ठेवायचे आणि खाली पेंढा टाकत राहायचं. तुडवलेला थर तिथेच साठतो, छपरामुळे पावसापासूनही वाचतो. १८५६ मध्ये ऑगस्टस व्होल्कर यांनी शेणखताचं पृथक्करण प्रसिद्ध केलं. उघड्यावरच्या खतातली विद्राव्य पोषकद्रव्यं पाऊस धुऊन नेतो, हे त्यात दिसलं. म्हणजे मोजलं काय? खत.

पुढे इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा बैलांखाली अंथरला. नंतर तो शेण आणि मूत्राने भिजलेल्या मातीबरोबर रचून कुजवला. त्यांचं पुस्तक १९३१ चं. इथेही हिशोब खताचाच, आणि कुजणं गोठ्याबाहेर.

१९८० च्या दशकात अमेरिकेत व्हर्जिनियाच्या दूध उत्पादकांनी कुजणं गोठ्यात आणलं. २००१ मध्ये हे गोठे मिनेसोटात पोचले. भुशाचा थर दिवसातून दोनदा ढवळायचा. हवा आत गेली की जिवाणू वेगाने काम करतात, थर तापतो, ओल उडते, वरचा भाग कोरडा राहतो. आता मोजमाप बदललं: गायीचा आराम, लंगडेपणा, कासेचं आरोग्य.

आता बारकाईने बघा. गादी ढवळतात कधी? गायी दूध काढायला बाहेर गेल्या की. मांसाची गुरं रोज अशी बाहेर जात नाहीत! मग ढवळायचं कधी? न ढवळता किती गुरांपर्यंत गादी कोरडी राहील? दुधाच्या गोठ्यातले आकडे इथे सरळ उचलून चालणार नाहीत.

म्हणून साहित्याचा आढावा लिहिताना ‘कोणी आधी केलं’ एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक नोंदीपुढे दोन रकाने ठेवा: काय मोजलं आणि कोणत्या परिस्थितीत. रिकामा राहिलेला रकानाच ‘यात नवीन काय?’चं उत्तर देतो.