ग्राफिक्स कार्ड निवडताना...

घरच्या घरी संगणक जुळविणाऱ्याचा मोठा खर्च बहुधा ग्राफिक्स कार्डावर होतो आणि फसगतही तेथेच होते. खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो वा ऑनलाइन, खोक्यावरील मेमरीचा आकडा पाहून कार्ड घेण्याची सवय अनेकांना असते. केवळ या आकड्यावरून कार्डाची कुवत कळत नाही.

याचे ठळक उदाहरण म्हणजे एनव्हिडियाचे 'जीटी १०३०'. २०१७ मध्ये हे कार्ड दोन गिगाबाइट जीडीडीआर-५ मेमरीसह आले. २०१८ मध्ये त्याच नावाने, तेवढीच पण डीडीआर-४ मेमरी असलेली आवृत्ती आली. पहिल्या कार्डात मेमरीची देवाणघेवाण सेकंदाला ४८ गिगाबाइट होती. दुसऱ्यात ती १७ गिगाबाइटच्या आसपास उतरली. २०१६ च्या 'जीटीएक्स १०६०'चेही तसेच. सहा गिगाबाइटच्या कार्डात १२८० गणनकेंद्रे (कोअर), तर तीन गिगाबाइटच्या कार्डात ११५२. नाव एक, पण चिपची ताकद वेगळी. म्हणूनच मेमरीचा प्रकार आणि गणनकेंद्रांची संख्या उत्पादकाच्या तपशीलपत्रकात पडताळून पाहणे आवश्यक ठरते.

निवडीची सुरुवात मात्र कामापासून व्हावी. टंकलेखन, इंटरनेट व चित्रपट यांसाठी प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स पुरेसे असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते, त्यांत ही सोय नसते. तेथे कार्ड घ्यावेच लागते. त्रिमितीय आरेखन वा व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी आपले सॉफ्टवेअर कोणत्या कार्डांना साहाय्य करते, हे आधी पाहावे. 'कुडा' या प्रणालीवर बेतलेल्या सॉफ्टवेअरसाठी एनव्हिडियाचेच कार्ड लागते. उलट एएमडीच्या २०२२ मधील 'आरएक्स ६५०० एक्सटी'त व्हिडिओ एन्कोड करण्याची यंत्रणाच नाही. खेळांसाठी ते चालेल. संपादकाची मात्र निराशा होईल.

खेळांच्या बाबतीत मॉनिटर निर्णायक ठरतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात. फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट, म्हणजे सुमारे ८३ लाख. त्या प्रमाणात कार्डावरील भार वाढतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो. कार्डाने त्याहून कितीही अधिक तयार केली, तरी त्याचा फारसा लाभ डोळ्यांना होत नाही.

विजेचा हिशेबही हवा. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला कमाल ७५ वॅट वीज मिळते. त्यापुढे पॉवर सप्लायमधून वेगळी तार जोडावी लागते. 'आरटीएक्स ४०६०'ला ११५ वॅट पुरतात, तर 'आरटीएक्स ४०९०'ला ४५०. हलक्या प्रतीच्या पॉवर सप्लायवर जड कार्ड बसविल्यास खेळ रंगात आला असताना संगणक बंद पडू शकतो. कॅबिनेटमधील मोकळी लांबीही मोजून घ्यावी.

जुने कार्ड स्वस्त मिळते. इथेरियम चलनाचे 'मायनिंग' सप्टेंबर २०२२ मध्ये थांबल्यावर त्यासाठी राबविलेली अनेक कार्डे विक्रीस आली. असे कार्ड घेताना ते पूर्ण भारावर काही वेळ चालवून पाहावे आणि वॉरंटीसाठी मूळ बिल मागून घ्यावे.

आधी काम, मग मॉनिटर, नंतर पॉवर सप्लाय आणि शेवटी कार्ड, हा क्रम पाळल्यास पैसे योग्य ठिकाणी लागतात.