फरशी आणि कौलं

आमच्या जोयडा तालुक्यात पाऊस म्हणजे धो धो. मे संपायच्या आत कौलं परतून घ्यावी लागतात. एका कौलाची कड दुसऱ्यावर चढलेली असली तरच घर कोरडं राहतं. खाली फरशी मात्र शेजारी शेजारी, कडेला कड भिडवून. तिथं एक दुसरीवर चढली तर ठेच ठरलेली. संगणकाच्या पडद्यावरच्या खिडक्या कौलांसारख्या असाव्यात की फरशीसारख्या, यावरही एके काळी मोठा वाद झाला.

मला तो कळायला एक चूक घडावी लागली. पुतणीचा कॉलेजचा अर्ज मी भरत होते. अर्ज पाठवायचं बटण दाबलं आणि आकडे ताडून बघायला मार्कशीट उघडली. ती अर्जावर पसरली. 'आईचं नाव राहिलं आहे' हा निरोप खालीच दबला. अर्ज गेला या समजुतीत मी लॅपटॉप मिटला. त्याच रात्री मुदत संपली. पोरीची विज्ञानाची जागा हुकली.

कौलांची रीत जुनी. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो हा संगणक तयार झाला. पडदा लहान, म्हणून अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेबलावरच्या कागदांसारख्या एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या केल्या. पण लोकांचा वेळ त्या सरकवण्यातच जातो, आणि तेही बहुधा एकमेकींवरून बाजूला करण्यासाठी, असं दिसून आलं. म्हणून त्याच कंपनीनं १९८१च्या 'स्टार' संगणकात कामाच्या खिडक्या शेजारी शेजारी बसवल्या. त्याचा पडदाही मोठा होता, सतरा इंची.

१९८४ साली अ‍ॅपलच्या मॅकिन्टॉशनं कौलं घेतली. १९८५च्या पहिल्या विंडोजमध्ये फरशी होती; तेवढे छोटे निरोप वर चढत. १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टही कौलांवर गेली आणि १९८८ साली अ‍ॅपलनं कोर्टात खेचलं. अ‍ॅपल हरली. कौलं सगळ्यांची झाली.

मग फरशीवाले चुकले होते का? सॅरा ब्लाय आणि जॅरेट रोझेनबर्ग यांनी १९८६ साली माणसं बसवून दोन्ही रीती तपासल्या. मजकूर खिडकीत नीट मावत होता तिथं फरशीवर काम लवकर झालं. मावत नव्हता तिथं कौलं बरी पडली, पण तीसुद्धा सराईत हातांनाच.

माझा हात कुठला सराईत! २००९च्या विंडोज ७पासून खिडकी कडेला ओढली की ती अर्ध्या पडद्यात बसते. ही सोय माझ्या लॅपटॉपवर होतीच, मला ठाऊक नव्हती इतकंच.

पुतणी आता कॉमर्सला आहे. तिनं मला कधी बोल लावला नाही. यंदा तिच्या धाकट्या भावाचा अर्ज आहे. डावीकडे मार्कशीट, उजवीकडे अर्ज. शेवटचं बटण मात्र तीच दाबणार आहे.