हळदीच्या गोळीत मिरी कशी आली?

तुम्ही कर्क्युमिनच्या गोळ्या घेत असाल तर डबी फिरवून घटक वाचा. बऱ्याचदा तिथे ‘पायपरिन’ लिहिलेले सापडेल. पायपरिन म्हणजे मिरीला तिखटपणा देणारे द्रव्य. ते हळदीच्या जोडीला कसे आले?

कर्क्युमिन हळदीतून १८१५ साली वेगळे काढले गेले आणि पायपरिन १८१९ साली. दोघांची गाठ पडायला मात्र जवळपास पावणेदोनशे वर्षे गेली.

सुंठ, मिरी, पिंपळी म्हणजे त्रिकटू. आयुर्वेदातल्या कितीतरी औषधांत ते असते. ते का घालत असावेत, याचा शोध जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल यांच्या गटाने घेतला. त्रिकटूमुळे सोबतच्या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते, असे त्यांनी १९८१ साली मांडले. १९८५ साली कारणही पुढे आले. बाहेरून आलेली द्रव्ये मोडून टाकणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमना पायपरिन आवर घालते.

कर्क्युमिनची अडचण नेमकी हीच होती. ते आतड्यातून कमी शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याची यकृत लगेच विल्हेवाट लावते. १९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले. रक्तात ते जेमतेम सापडले. सोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर उपलब्धता सुमारे २० पट झाली. जाहिरातीतला ‘२००० टक्के’ हा आकडा इथला आहे.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, मुळात जवळजवळ शून्य असलेल्याचे वीसपट म्हणजे फार नव्हे. शिवाय हा अभ्यास शोषणाचा होता, आजार बरा होण्याचा नव्हे. दोन, पायपरिन फक्त कर्क्युमिनला ओळखून मदत करत नाही. फिट्सवरचे फेनिटॉइन, रक्तदाबाचे प्रोप्रानोलॉल, दम्याचे थिओफिलिन यांचेही रक्तातले प्रमाण त्याने वाढल्याचे दिसले आहे. हळदीच्या गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याचे रुग्णही नोंदले गेले आहेत.

आमटीतली हळद आणि रश्श्यातली मिरी खुशाल खा. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्केच असते, त्यामुळे स्वयंपाकातली मात्रा गोळीच्या जवळपासही जात नाही. गोळी मात्र औषधासारखीच समजा. फिट्स, रक्तदाब, दमा किंवा रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, यकृताचा त्रास असेल, तर विचारल्याशिवाय सुरू करू नका. आधीच घेत असाल तर पुढच्या तपासणीला डबी सोबत आणा. लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.