पिठावाचूनची भाकरी

वैद्याला पथ्य सांगायला दोन मिनिटे पुरतात. साखर बंद, बटाटा बंद, भात-पोळी बंद, एवढे म्हटले की त्याचे काम आटोपते. मग तो कागद घरी येतो आणि स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या माणसाला कोडे पडते, की मग आज रांधायचे तरी काय? वैद्यकाच्या इतिहासात त्या दोन मिनिटांविषयी पुष्कळ लिहिलेले सापडते. स्वयंपाकघरातल्या कोड्याविषयी फार थोडे. आज 'लो-कार्ब' हा शब्द आपल्या पुण्या-मुंबईच्या घरांतही रुळला आहे आणि पीठ-साखर टाळून केलेल्या पदार्थांच्या कृती हातोहात फिरत आहेत. परंतु अशा कृती शोधून, वजनमापासह लिहून ठेवून, दुसऱ्याच्या हाती देण्याची परंपरा पावणेदोनशे वर्षांची आहे. ती हौसेतून निर्माण झालेली नाही. तिच्या मुळाशी मरणाचे भय होते, आणि म्हणूनच ती सांगण्याजोगी आहे.

आरंभीच एका शंकेचे निरसन केलेले बरे. असा विषय निघाला की सभागृहातून कोणीतरी विचारतोच, आपल्या चरकाने हे सांगितले नव्हते काय? चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रोग्यास जवाचा आहार मुख्य म्हणून सांगितला आहे. जवाचे सातू, जवाचे अपूप, जवाचे मंथ असे त्याचे प्रकारही दिले आहेत. म्हणजे रोग्याला नुसते 'हे खाऊ नको' न म्हणता 'हे असे करून खा' असे सांगण्याची दृष्टी तेथे निश्चित आहे. पण जव हेही धान्यच, आणि त्यात पिष्ट भरपूर असते. तेव्हा चरकाला त्याचे श्रेय द्यावे, परंतु जे त्याने म्हटलेले नाही ते त्याच्या पदरात बांधू नये.

पिष्ट आणि साखर जवळजवळ पूर्णपणे वगळण्याचा पद्धतशीर प्रयत्न युरोपात जॉन रोलो या स्कॉटिश लष्करी शल्यवैद्याने केला. 1797 साली त्याने मधुमेहाच्या दोन रोग्यांची हकीकत छापली. त्यांतला एक कॅप्टन मेरेडिथ. त्याला दिलेला आहार असा होता: सकाळी दुधात चुन्याची निवळी आणि लोणी-पाव, दुपारी नुसते रक्त आणि चरबी यांचे पुडिंग, जेवणाला फार दिवस ठेवलेले मांस, आणि पोटाला सोसेल तितके खवट झालेले डुकराचे मांस. मेरेडिथला उतार पडला हे खरे. पण या ताटावर कोण किती दिवस बसेल? रोगी चोरून खातो, पथ्य मोडते आणि वैद्य रोग्याला दोष देतो. पुढची शंभर वर्षे हेच रडगाणे वैद्यांच्या लेखांतून ऐकू येते. रोग्याच्या मनाचा दुबळेपणा त्यांना दिसला. ताटातला पदार्थ गिळवत नाही हे मात्र फार थोड्यांना दिसले.

ज्यांना दिसले त्यांत पॅरिसचा बूशार्दा अग्रभागी होता. हा मूळचा औषधिशास्त्रज्ञ, आणि कदाचित म्हणूनच कृतीचे महत्त्व त्याला कळले असावे. पाव नसेल तर फ्रेंच माणूस जेवलाच नाही, हे ओळखून 1841 च्या सुमारास त्याने ग्लुटेनचा पाव पुढे आणला. येथे जमलेल्या भगिनींना त्याची युक्ती चटकन कळेल, कारण उन्हाळ्यात कुरडया घालताना आपण नेमके उलटे करतो. आपण गहू भिजवून, वाटून, त्याचा पांढरा चीक काढून घेतो आणि चोथा बाजूला सारतो. तो चीक म्हणजे गव्हातले पिष्ट. बूशार्दाच्या पावासाठी कणीक पाण्याखाली धूत राहायची, चीक वाहून जाऊ द्यायचा आणि मागे जो चिवट गोळा उरतो तो भाजायचा. भाज्याही त्याने उकडून, पाणी टाकून देऊन खायला सांगितल्या. 1870-71 साली पॅरिसला जर्मन सैन्याचा वेढा पडला आणि शहरात अन्नाचा दुष्काळ झाला, तेव्हा आपल्या मधुमेही रोग्यांच्या लघवीतली साखर कमी झाल्याचे त्याने टिपून ठेवले. दुर्दैवातून ज्ञान मिळते म्हणतात, त्याचे हे जरा क्रूर उदाहरण आहे.

परंतु माझ्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत लोभस माणूस म्हणजे लंडनचा डॉक्टर कॅम्प्लिन. हा स्वतःच मधुमेहाने आजारी पडला. वैद्य आणि रोगी एकाच कातडीत आले, आणि ती दोन मिनिटे व ते कोडे दोन्ही एकाच्याच वाट्याला आली. त्याने गव्हाच्या कोंड्याची पोळी, खरे म्हणजे केक, शोधून काढला आणि 1850 नंतरच्या दशकात त्याची कृती साद्यंत छापली. ती अशी. कोंडा दोन वेळा निरनिराळ्या पाण्यात पाव पाव तास उकळायचा, दर वेळी गाळायचा. मग गार पाण्याने इतका धुवायचा की निघणारे पाणी निवळशंख दिसले पाहिजे. फडक्यात पिळून, ताटात पातळ पसरून, मंद भट्टीत कुरकुरीत वाळवायचा. मग दळायचा आणि बारीक तारेच्या चाळणीतून चाळायचा. चाळणी इतकी बारीक, की कोंडा ब्रशाने घासून खाली पाडावा लागतो. या पिठाचे 3 औंस, 3 ताजी अंडी, दीड-दोन औंस लोणी, अर्धा पिंट दूध, चवीपुरते जायफळ आणि सुंठ. भट्टीत घालण्यापूर्वी थोडा खाण्याचा सोडा आणि वर थोडे सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड, म्हणजे पीठ फुगते.

ही कृती इतकी सविस्तर सांगण्याचे कारण आहे. कोंडा धुवावा, एवढे कोणीही म्हणाला असता. 'पाणी स्वच्छ येईपर्यंत' ही खूण ज्याने स्वतः हात भिजवले तोच देतो. कोंडा धुतला नाही तर त्याला चिकटलेले पिष्ट पोटात जाते. बारीक दळला नाही तर तो आतडी खरवडतो. या दोन्ही गोष्टी त्या माणसाला स्वतःच्या शरीराने शिकवल्या होत्या. जायफळ घालायला तो विसरला नाही, याचेही मला फार कौतुक वाटते. औषध म्हणून खायचे असते तर जायफळाची गरज नव्हती.

कॅम्प्लिनच्या पाठोपाठ विल्यम बँटिंग येतो, आणि त्याच्या कीर्तीपुढे बिचारा कॅम्प्लिन झाकून गेला. बँटिंग वैद्य नव्हता. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा, राजघराण्याच्या अंत्ययात्रा काढणारा तो धनिक व्यावसायिक होता. उंची 5 फूट 5 इंच आणि वजन 1862 च्या ऑगस्टात 202 पौंड. बुटाची नाडी बांधता येत नव्हती, जिना उतरायचा तर पाठमोरे उतरावे लागे. कानाला कमी ऐकू येऊ लागले म्हणून तो विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वीने पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची व्याख्याने ऐकली होती आणि यकृत साखर तयार करते हे त्याला तेथे कळले होते. त्याने कान बाजूला ठेवून ताटाकडे बोट दाखवले. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे बंद. मांस, मासे, बटाट्याखेरीज भाज्या, थोडे फळ, औंसभर कोरडा टोस्ट, आणि क्लॅरेट मद्याचे दोन-तीन पेले मात्र खुशाल. सुमारे वर्षभरात बँटिंगचे वजन 46 पौंडांनी उतरले.

1863 साली त्याने 'स्थूलतेविषयी पत्र' या अर्थाच्या नावाची पुस्तिका लिहिली, पदरच्या पैशाने छापली आणि फुकट वाटली. मागणी आवरेना, तेव्हा पुढची आवृत्ती विकायला काढली. वैद्यकीय नियतकालिकांनी प्रेते पुरणाऱ्याने वैद्यकी सांगावी काय म्हणून टर उडवली. तरी ती पुस्तिका देशोदेशी गेली, आणि स्वीडिश भाषेत आजही वजन उतरवण्यासाठी कमी खाण्याला 'बांता' हे क्रियापद आहे. एवढे असूनही बँटिंगच्या पुस्तिकेत कृती अशी जवळजवळ नाहीच. सकाळी हे चार औंस, रात्री ते तीन औंस, अशी ताटाची यादी आहे. घरात स्वयंपाकी असणाऱ्या गृहस्थाला यादी पुरते. जिला स्वतः रांधायचे आहे तिला ती पुरत नाही.

यादी आणि कृती यांच्यामधली ही जागा बाजाराने भरून काढली. बदामाचे बिस्किट लंडनच्या डॉक्टर पेव्ही यांनी पुढे आणले होते. ते चांगले, पण महाग. मग 'मधुमेहींसाठी खास' अशा चिठ्ठ्या लावलेली ग्लुटेनची पिठे दुकानांत आली. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या कृषिप्रयोग केंद्राने 1906 आणि 1913 साली अशा पदार्थांचे पृथक्करण केले, तेव्हा कित्येकांत पिष्ट भरपूर निघाले. रोगी दाम मोजून तेच विष घरी नेत होता. यानंतर शहाण्या डॉक्टरांना घरी करण्याच्या कृतींची किंमत कळू लागली, यात नवल नाही.

त्यातच काळ कठीण आला. 1914-15 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन याने उपासाची चिकित्सा सुरू केली. लघवीतली साखर जाईपर्यंत रोग्याला उपाशी ठेवायचे, काळी कॉफी, पातळ सूप, थोडी व्हिस्की एवढ्यावर, आणि मग चमच्याचमच्याने अन्न वाढवत न्यायचे. 1915 साली बॉस्टनचे डॉक्टर लुइस वेब हिल आणि तिथल्याच मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातल्या रीना एकमन यांनी या चिकित्सेवर एक लहानसे पुस्तक काढले. त्यात तत्त्वचर्चा थोडी, चढत्या मात्रेचे आहार आणि पाककृती यांनाच मान. त्या काळी भाज्यांची वर्गवारी शेकडा 5, 10, 15 आणि 20 भाग कर्बोदके अशी करीत: कोबी, पालक, काकडी, वांगी पहिल्या वर्गात; कांदा, गाजर दुसऱ्यात; बटाटा अगदी शेवटी. एवढा तक्ता भिंतीवर लावला की साधी गृहिणीसुद्धा अदलाबदल करू शकते. 1917 साली रिबेका ओपनहाइमर हिचे मधुमेहींच्या स्वयंपाकाचे स्वतंत्र पुस्तक निघाले, आणि 1918 साली डॉक्टर जॉस्लिन यांनी आपल्या मार्गदर्शिकेच्या नावातच 'डॉक्टर आणि रोगी यांच्या परस्पर उपयोगासाठी' असे घातले. रोलोपासून येथवर यायला एकशेवीस वर्षे लागली!

या पुस्तकांनी रोग बरा होत नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मधुमेह झालेली लहान मुले हटकून दगावत. पथ्याने मरण काही महिने, फार तर दोन-तीन वर्षे लांबत असे. भाजी तीन पाण्यांत उकळून तिच्यातला कस काढून टाकायचा आणि तो चोथा पोटाला आधार म्हणून खायचा, असे ते दिवस होते. एलिझाबेथ ह्यूझ ही अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. 1922 च्या ऑगस्टात, पंधरावे वर्ष पुरे होता होता, तिचे वजन 45 पौंडांच्या आसपास उरले होते. त्याच महिन्यात टोरंटोला तिला इन्शुलिन मिळाले आणि ती 1981 पर्यंत जगली. त्या भुकेल्या तीन वर्षांत तिला उकडलेली भाजी आणि मोजके अन्न तोलून देणाऱ्या हातांनी तिला इन्शुलिनपर्यंत पोहोचवले, एवढे श्रेय त्या तराजूला दिलेच पाहिजे. इन्शुलिन आल्यावर त्या वह्या अडगळीत गेल्या, तेही योग्यच झाले. आजही इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्याने डॉक्टरांना न विचारता पीठ एकदम तोडले तर रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. तेव्हा वही हाती आली म्हणून वैद्य हद्दपार करण्याचे कारण नाही.

वहीला दुसरा आश्रय मात्र मिळाला, आणि तो अगदी वेगळ्या रोगात. उपासाने अपस्माराचे झटके थांबतात हे पूर्वीपासून माहीत होते. पण उपास किती दिवस करणार? 1921 साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर याने सुचवले, की कर्बोदके जवळजवळ काढून टाकून स्निग्ध पदार्थांवरच मुलाला ठेवले तर शरीराला उपासाचाच भास होईल. त्याचा सहकारी पीटरमन याने प्रमाण बसवले: शरीराच्या दर किलोग्रॅमला 1 ग्रॅम प्रथिन, दिवसाला 10 ते 15 ग्रॅम कर्बोदके, बाकी सगळी चरबी. अनेक मुलांचे झटके थांबले. 1938 साली फेनिटॉइन हे औषध आले आणि गोळी गिळणे साय तोलण्यापेक्षा सोपे असल्यामुळे हा आहार मागे पडला. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मिलिसेंट केली या आहारतज्ज्ञ बाईंनी तो जिवंत ठेवला. प्रत्येक मुलासाठी, प्रत्येक जेवणासाठी, ग्रॅमग्रॅमचा हिशेब. ताटातले लोणी-साय शेवटच्या थेंबापर्यंत पुसून खाल्ली नाही तर हिशेब चुकतो, म्हणून वाटी खरवडून घेणे हासुद्धा कृतीचाच भाग.

1993 साली चित्रपट दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांच्या लहानग्या मुलाला, चार्लीला, झटके येऊ लागले. औषधे चालेनात. वडिलांनी ग्रंथालयात स्वतः वाचून हा आहार शोधला आणि मुलाला केलीबाईंकडे नेले. झटके थांबले. हे आपल्याला आधी कोणी का सांगितले नाही, असा त्या बापाला संताप आला, आणि त्या संतापातून 1994 साली त्याने मुलाच्या नावाची संस्था काढली. आहार कसा करायचा हे दाखवणाऱ्या चित्रफिती केल्या आणि आईबापांना व डॉक्टरांना वाटल्या. त्याच वर्षी डॉक्टर जॉन फ्रीमन आणि केलीबाई यांचे आईबापांसाठी लिहिलेले पुस्तकही निघाले. आता हा आहार आपल्या मुंबईतही दिला जातो. आपल्या घरांत त्या कृती खोबरे, पनीर, लोणी आणि साय यांच्या होतात, आणि कुठल्याशा बिऱ्हाडात एखादी आई सोनाराच्या नेमकेपणाने किसलेले खोबरे तोलत असते.