मार्चमधली हळद, मार्चमधला अर्थसंकल्प

वसमतच्या शिवारात हळद शिजते ती ऐन मार्चच्या सुमारास, आणि मुंबईत अर्थसंकल्प मांडला जातो तोही मार्चमध्येच. वडील उकळत्या काहिलीतलं एखादं हळकुंड काढून त्यात काडी टोचून बघायचे. काडी अलगद आत गेली, वर फेस आला, वास सुटला की जाळ ओढायचा. मग ते पेपर उघडायचे आणि एकच गोष्ट शोधायचे: कालव्याला काही पडलं का?

हा प्रश्न वडिलांच्या आधीपासूनचा. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट संपली आणि 1956 साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्याच्या तीन वर्षं आधी, 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात, लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि मागासलेल्या मराठवाड्याकडे विशेष लक्ष, असा शब्द दिला गेला होता. पुढे घटनेच्या 371(2) कलमातही निधीच्या न्याय्य वाटपाची तरतूद आली. कागद भक्कम होता. प्रत्यक्षात पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं झाली, कालव्याचं पाणी वसमतला आलं आणि गाव बदललं. ज्वारी-कापसाच्या जोडीला ऊस, केळी, हळद आली. पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सरकारी खर्चाने माणसाचं आयुष्य कसं पालटतं, हे मी पुस्तकात वाचण्याआधी आमच्या बांधावर पाहिलं.

पण आमच्या उत्तरेला माळ कोरडेच राहिले. वि. म. दांडेकर समितीने 1984 च्या अहवालात राज्याचा विकासाचा अनुशेष 3,186.78 कोटी रुपये मोजला. त्यात मराठवाड्याचे 750.85 कोटी. मोजमाप जिल्हावार होतं आणि आमची हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. जायकवाडीचा डावा कालवा पाथरी-परभणीकडे गेलेला, पूर्णेचा वसमतकडे. त्या ओलिताच्या सरासरीत कळमनुरी-सेनगावची तहान झाकली गेली. माझ्या मते आमचं सर्वांत मोठं नुकसान या सरासरीने केलं. 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कुठे हा सिंचनाचा अनुशेष स्वतंत्रपणे दिसू लागला. 1994 साली आलेल्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, आणि वाटपाचा हिशेब मागण्याची आमची एक हक्काची जागा गेली.

11 मार्च 2022 च्या अर्थसंकल्पात वसमतचं नाव आलं. बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रासाठी 100 कोटी! त्या दिवशी मोंढ्यात दुसरा विषय नव्हता. 2024 साली वसमत हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. मला दोन्हींचा मनापासून आनंद आहे, कारण कंदकुजीने उभा प्लॉट बसलेला मी पाहिलाय. वरून पानं पिवळी, उपटलं तर हातात नुसता लगदा.

म्हणूनच तरतुदीचा आकडा वाचून मी थांबत नाही. घोषणेनंतर प्रशासकीय मान्यता लागते, मग निधीचं वितरण. मधेच सुधारित अंदाजात कात्री लागू शकते, कमी पडलं तर पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांची वाट. हळदीचं वेळापत्रक मात्र ठरलेलं. बेणं मे-जूनमध्ये जमिनीत जातं. रोगमुक्त बेणं त्याआधी शेतकऱ्याच्या हाती पडलं तर त्या वर्षी उपयोग. सप्टेंबरात पैसे सुटले तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणं आलं.